किल्ली रिवकाकडे, कार्ड मामांकडे

ज्या माणसांचा आपल्याला मनापासून तिरस्कार आहे त्यांना भेटायला रिवका पेझारकर रोज दुपारी जेवण आटोपून बसत असे. ही माणसं टीव्हीवर यायची. कार्यक्रमाचं नाव 'शटर्स अप'.

इंग्लंडात घरं लहान आणि वस्तू फार. त्यामुळे लोक गावाबाहेरच्या गोदामात एखादी खोली भाड्याने घेतात, तिला युनिट म्हणतात, आणि ज्याचं काय करायचं ते आयुष्यात कधीच ठरत नाही ते सगळं तिथे नेऊन कोंबतात. भाडं थकलं आणि स्मरणपत्रांना उत्तर आलं नाही की गोदामवाले कुलूप कापतात आणि आतला माल लिलावात काढतात. 'शटर्स अप'मध्ये हेच दाखवत. पाचसहा बोलीदार शटरसमोर उभे राहणार. आत पाऊल टाकायला बंदी, दारातून टॉर्च मारून जे दिसेल त्यावर बोली. जो जिंकेल तो आत शिरणार, खोकी फाडणार, आणि कोणाच्या तरी गेलेल्या आईचा स्वेटर हवेत धरून कॅमेऱ्याकडे बघत हसणार.

रिवका क्रॉयडनच्या ट्रॅमवर तिकीट तपासनीस होती; ट्रॅम सुरू झाली तेव्हापासून निवृत्तीपर्यंत. तिकीट हरवलं असं सांगणाऱ्याकडे बघण्याची तिची जी नजर होती ती तिने युनिफॉर्मबरोबर परत केली नव्हती. त्या नजरेने ती बोलीदारांकडे बघायची आणि प्रत्येकाला एकेक विशेषण द्यायची. पण तिचा खरा राग युनिटच्या मालकांवर. जे कधी पडद्यावर येत नसत, त्यांच्यावर.

"स्वतःच्या वस्तू सांभाळता येत नाहीत?" ती टीव्हीला विचारायची. "कुलूप कापेपर्यंत झोपला होता काय?"

टीव्ही यावर काही बोलत नसे. नवरा सॅम्युअल हयात असताना तोही बोलत नसे, त्यामुळे तिला सवय होती.

बोलीदारांत तिचा सर्वात नावडता म्हणजे 'प्रोफेसर'. गोल चष्मा, चौकटीचा वेस्टकोट, सावळा, तिशीतला. कुठलीही वस्तू हातात घेतली की हा तिचा काळ सांगायचा, देश सांगायचा, आणि शेवटी ती वस्तू दुसऱ्याच काळातली आणि दुसऱ्याच देशातली निघायची. तरी त्याचं नाव प्रोफेसर. इंग्रजांच्या देशात सावळ्या माणसाने चष्मा लावला की अर्धी पदवी तिथेच मिळते, असं रिवकाचं मत होतं.

*

आता रिवकाकडे स्वतःचं एक युनिट होतं हे सांगायला हवं. अगदी तिचं म्हणता येणार नाही. क्रॉयडनमध्ये मुंबईहून आलेल्या बेने इस्रायल ज्यूंची थोडी घरं. आपसात मराठी, प्रार्थनेत हिब्रू, मुलांशी इंग्रजी. एका गालिच्यांच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेऊन ही मंडळी शनिवारी जमत. मुलं मोठी होऊन पांगली, म्हातारे एकेक करून गेले, सामुदायिक प्रार्थनेला जे दहा जण लागतात ते जमेनात, आणि हॉल सोडावा लागला. उरली ती पुस्तकं. हिब्रू प्रार्थनांची, मराठीत छापलेली वल्हांडण सणाची, कोणाच्या तरी आजोबांनी अलिबागेहून आणलेली कीर्तनांची. पानं सुटलेली, पाठी निखळलेल्या.

ज्यूंमध्ये ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो जीर्ण झाला म्हणून टाकत नाहीत, जाळतही नाहीत. त्याला माती देतात. जमलं तर एखाद्या धार्मिक माणसाच्या कबरीतच. लंडनच्या मोठ्या सिनेगॉगांत अशा पुस्तकांची सोय असते. रिवकाच्या मंडळींनी त्यातल्या एका ठिकाणी विचारलं. तिथल्या कारकुनाने पुस्तकं चाळली आणि सांगितलं, हिब्रू आहेत ती घेतो, पण ही दुसरी जी काय लिपी आहे तिला काही बंधन नाही, तुम्ही ती रिसायकलिंगला देऊ शकता.

हे ऐकून अरीमामा उठून उभे राहिले. अरी नागावकर म्हणजे या मंडळींचे हज्जान, प्रार्थना चालवणारे; रिवकाच्या नवऱ्याचे सख्खे मामा. "म्हणजे देवाला मराठी येत नाही?" असं त्यांनी कारकुनाला मराठीतच विचारलं. उत्तराची वाट न बघता खोकी उचलायला लावली, आणि हॉलच्या शेवटच्या बैठकीत जाहीर केलं, "सगळी माझ्याबरोबर पुरा. माझं आता काय, थोडे दिवस."

मामांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. रक्तदाब होता, साखर होती, आणि हॉलच्या जिन्यावरून ऐकू येईल असा खोकला होता. सगळ्यांनी जड मनाने माना डोलावल्या. थोड्या दिवसांचाच प्रश्न, म्हणून पर्ली वे नावाच्या रस्त्यावर, फर्निचरच्या दुकानांमागे एक युनिट घेतलं.

मामा मेले नाहीत. खोकला गेला. रक्तदाब उतरला. देशाचे पंतप्रधान बदलत राहिले, त्यातल्या एक बाई तर कोथिंबिरीच्या जुडीइतक्याही टिकल्या नाहीत, मामा टिकले. युनिटचं भाडं त्यांच्या बँक कार्डातून परस्पर कापलं जाई. माझ्या कबरीचं सामान आहे, भाडं मीच भरणार, हा त्यांचा हट्ट. किल्ली मात्र रिवकाकडे, कारण ती दुसऱ्या कोणाकडे असलेली रिवकाला चालली नसती.

ही व्यवस्था उत्तम होती. फक्त पहिल्याच महिन्यात या दोघांचं बोलणं बंद झालं.

भांडण मेझुझावरून. मेझुझा म्हणजे बोटाएवढी धातूची नळी, वर एक हिब्रू अक्षर, आत चामड्याच्या तुकड्यावर लिहिलेलं देवाचं वचन. ज्यू माणूस ती दाराच्या चौकटीला तिरकी लावतो आणि जातायेता तिला बोटं लावून ओठांना लावतो. रिवकाने युनिटच्या चौकटीला एक मेझुझा चिकटवला. लोखंडात खिळा जाईना म्हणून बाथरूमच्या टाइल्सना वापरतात त्या चिकटाने. मामांनी तो बघितला. माणसं राहतात त्या घराला मेझुझा, गोदामाला नाही, असं ते म्हणाले. रिवका म्हणाली, आत सगळं देवाचंच आहे, मग दाराने काय पाप केलं? त्यावर मामा चारचौघांत म्हणाले, "तिकीट तपासणारीने हज्जानला धर्म शिकवू नये."

झालं. त्यानंतर दोघं एकमेकांना दिसले की एक उजवीकडे बघे, दुसरा डावीकडे. काही अगदीच नडलं तर मामांचा मुलगा जोश निरोप्या. पण युनिटसाठी कधी काही नडलं नाही. किल्ली रिवकाच्या स्वयंपाकघरात खुंटीला होती, म्हणजे पुस्तकं सुरक्षित होती. गुडघे गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. मामा विसरायला लागले, त्यांना साउथहॅम्प्टनला जोशच्या घराजवळच्या केअर होममध्ये हलवलं, हे तिच्या कानावर आलं होतं. कार्डाची मुदतही कधीतरी संपते, हा विचार तिला शिवला नाही. दुसऱ्याच्या कार्डाबद्दल विचारणं म्हणजे आधी बोलणं आलं.

*

एका मंगळवारी 'शटर्स अप'चा जुना भाग पुन्हा लागला होता. सूत्रसंचालक, ज्याचा चेहरा बाराही महिने नुकताच स्पेनहून परतल्यासारखा भाजलेला असे, म्हणाला की आज आपण साउथ लंडनमध्ये आहोत. कुलूप कापलं गेलं. शटर वर गेलं. रिवका मटारच्या शेंगा सोलत होती. कॅमेरा चौकटीवरून सरकला आणि चौकटीवर, तिरका, टाइल्सच्या पांढऱ्या चिकटाचा ओघळ कडेला सुकलेला, तिचा मेझुझा होता.

रिवका ओरडली नाही. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

बोली फार चढली नाही. दारातून नुसती खोकीच दिसत होती. प्रोफेसरने ती जिंकली, आत जाताना चौकटीशी थबकला, मेझुझाला टिचकी मारली आणि कॅमेऱ्याला सांगितलं की हे व्हिक्टोरियन काळातलं थर्मामीटरचं घर दिसतंय. मग छिन्नीने तो उचकटून वेस्टकोटच्या खिशात टाकला. पहिलं खोकं फाडलं. वरचं पुस्तक उचललं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आईशप्पथ."

रिवकाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

सूत्रसंचालकाने विचारलं, तुला हे वाचता येतं का. प्रोफेसर म्हणाला, थोडंसं. त्याने बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं: "प… र… मे… श्व… र." बाकीच्या बोलीदारांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने जाहीर केलं की ही प्राचीन भारतीय हस्तलिखितं आहेत. मुखपृष्ठावर गिरगावातल्या छापखान्याचं नाव स्पष्ट दिसत होतं. बाजारात काय मिळेल, या प्रश्नावर तो म्हणाला की पबवाले सजावटीला जुनी पुस्तकं मीटरवर घेतात.

मीटरवर. कापडासारखी.

दुसऱ्या दिवशी रिवका गुडघ्यांना पट्टे बांधून, दोन बस बदलून, किल्ली घेऊन पर्ली वेवर गेली. कुलूप वेगळं होतं. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की खातेदाराला सगळ्या सूचना वेळेवर गेल्या होत्या. खातेदार म्हणजे अरीमामा. केअर होममध्ये मुलालाही 'सर' म्हणणाऱ्या माणसाने ईमेल वाचला नाही, हा दोष कोणाला देणार? रिवकाने बराच विचार करून तो काउंटरवरच्या मुलीला दिला आणि घरी आली.

घरी जोशचा फोन वाजत होता. जोशचं मराठी 'जेवलीस का' आणि 'बरं मग' यांच्या मध्ये कुठेतरी संपतं, तेव्हा बोलणं इंग्रजीतच झालं. बाबांना न्यूमोनिया झालाय. हॉस्पिटलात नेणार नाही, डॉक्टर म्हणतात आठवडाही निघणार नाही. कोणाला ओळखत नाहीत, पण दिवसभर एकच विचारतात, पुस्तकं ठीक आहेत ना? जोश म्हणाला, मी हो म्हणतो, पण ते म्हणतात रिवकाला विचार.

"सांग, ठीक आहेत," रिवका म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या आवाजातला तो सूर ओळखू आला. तिकीट घरी राहिलं म्हणणाऱ्यांचा तो सूर होता.

ज्यूंमध्ये माणूस गेला की पुरायला वेळ लावत नाहीत. आज गेला तर उद्या, फार तर परवा. म्हणजे मामांचा श्वास थांबण्याआधी पुस्तकं परत यायला हवी होती. नाही आली, तर मामा एकटे जातील आणि पुस्तकं कुठल्या तरी पबात बिअरच्या ग्लासांमागे उभी राहतील.

*

ब्रिटनमध्ये मराठी माणूस टीव्हीवर लपू शकतो, मराठी मंडळात लपू शकत नाही. रिवकाने ट्रॅमवरच्या जुन्या मैत्रिणीला, आशाला, फोन केला. गोल चष्मा आणि वेस्टकोट एवढं वर्णन ऐकून आशा म्हणाली, अगं, तो सुप्रभाचा कुश. स्टॅनमोरची. विमा कंपनीत ॲक्च्युअरी होता, चांगली नोकरी, सोडली आणि हे धंदे करतो. सुप्रभा गणपतीत सगळ्यांना सांगते की तो मीडियात आहे.

स्टॅनमोरच्या त्या घराचं दार सुप्रभानेच उघडलं. साठीची, नीटनेटकी, घरातही लिपस्टिक. रिवकाने स्वतःची ओळख 'पुस्तकांची मालकीण' अशी करून दिली. सुप्रभाला काही कळलं नाही, पण बाई मराठी बोलते म्हटल्यावर आत घेणं भाग होतं. चहा टाकला. कुश वरून खाली आला, वेस्टकोटशिवाय, घरच्या पायजम्यात. टीव्हीपेक्षा बराच लहान दिसत होता.

"हॅलो आंटी."

"मी तुझी आंटी नाही. पुस्तकं कुठे आहेत?"

कुशने शांतपणे, इंग्रजीत, कायदा समजावला. युनिटचा लिलाव रीतसर झाला. माल त्याचा. मालकाला मुदत दिली होती. इट्स नथिंग पर्सनल.

"मराठीत सांग," रिवका म्हणाली. "टीव्हीवर येतं ना तुला."

"आंटी, तो युनिट ॲबँडन्ड होता. कोणी आला नाही. मी काय करणार? माझा जॉब आहे ती."

"त्या युनिटची किल्ली माझ्या खुंटीला आहे. किल्ली असते त्याला टाकून दिलेलं म्हणतात?"

"मग रेंट का नाही भरला?"

 याचं उत्तर सांगायचं तर एका मेझुझापासून सुरुवात करावी लागली असती, आणि जे स्वतःच्या माणसांना पटवता आलं नाही ते पायजम्यातल्या प्रोफेसरला काय पटवणार. तिने विचारलं, "आणि दाराला होता तो? थर्मामीटर?"

कुश ओशाळला. म्हणाला, ते बोलायला लागतं, टीव्हीला काहीतरी सांगावं लागतं. तो उचकटण्याचा सीन तीनदा करायला लावला, दर वेळी ब्लू टॅकने परत चिकटवून. मग तो आईकडे बघायला लागला. सुप्रभा चहाच्या कपांकडे बघायला लागली.

"तो आहे," सुप्रभा म्हणाली. "इकडे या."

स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर, देवघर होतं. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक समई. आणि गणपती नि बाळकृष्णाच्या मध्ये, चांदीच्या ताटलीत, हळदकुंकू वाहिलेला, वर एक ताजं झेंडूचं फूल ठेवलेला रिवकाचा मेझुझा.

मूर्तीपुढे वाकू नये, हे रिवकाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जेवणाआधी शिकवलं जाई. ती बघत राहिली. आयुष्यात एवढं भयंकर तिने काही पाहिलं नव्हतं. ट्रॅमवर शेवटच्या फेरीचे फुटबॉलवाले धरून.

"तुम्ही याची पूजा करता?"

"रोज नाही हो," सुप्रभा घाईने म्हणाली. "आंघोळ झाली की दिवा लावते तेव्हा, सगळ्यांबरोबर. याने खिशातून काढून टेबलावर टाकला होता, विकणार म्हणाला. त्याच्यावर ते अक्षर आहे ना, त्रिशुळासारखं. मला कळेना कुठला देव. पण देवाचं वाटलं. टाकवेना."

रिवकाने हात पुढे केला होता, तो तसाच थांबला. टाकवेना. एवढ्याच एका शब्दासाठी एका कारकुनाशी भांडण झालं होतं, एक युनिट घेतलं होतं, एका म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघितली होती. आणि तो शब्द तिला इथे मायक्रोवेव्हच्या वर सापडला. याचा तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. राग कोणावर काढायचा ते कळेनासं झालं की तिला अधिकच राग येत असे.

"हळद आतल्या लिहिलेल्याला लागली का?" तिने विचारलं.

"आत काही आहे?" सुप्रभा दचकली. "मी उघडला नाही हो. देव कोणी उघडतं का?"

"आणि पुस्तकं?"

पुस्तकांचं असं झालं होतं. पबची सजावट करणारा एक माणूस घरी आला, चामड्याच्या पाठीची आणि सोनेरी अक्षरांची हिब्रू तेवढी एका खोक्यात भरून घेऊन गेला. बाकीची फाटकी नको म्हणाला; पबात बसलेल्या माणसाला ती वाचून दमल्यासारखं वाटेल. कुशने ती कौन्सिलच्या कचरा डेपोवर नेण्यासाठी गॅरेजमध्ये काढली होती. सुप्रभाने ती परत आणवली. पुस्तकाला पाय लागू नये म्हणून गॅरेजमध्ये फळ्या टाकून त्यांवर स्वच्छ चादर अंथरली, तिच्यावर ती रचली, आणि वरून दुसरी चादर घातली. गाडी तेव्हापासून रस्त्यावर. पार्किंगवरून शेजाऱ्यांशी तंटा चालू.

रिवकाने चादर वर केली. मराठी सगळी होती. जी कोणालाच नको होती ती सगळी होती.

"पबातली कुठे आहेत?" स्वयंपाकघरात परत येताच तिने विचारलं, आणि मामांचं शेवटचं चाललंय हेही सांगितलं.

"साउथहॅम्प्टन," कुश म्हणाला. "पण आंटी, ती सोल्ड आहे. आणि ऐका ना, हा अमेझिंग स्टोरी आहे. मी प्रोड्यूसरला फोन करू? फॉलो-अप एपिसोड. तुम्ही, पुस्तक, रियुनियन. ते सगळी फ्री परत आणून देतील. तुम्ही फक्त जरा रडायचं."

 सुप्रभाने गॅस बंद केला.

"कुश," ती म्हणाली, "मी लोकांना सांगते तू मीडियात आहेस. ते खोटं आहे हे मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे. आता ह्यांचा माणूस मरायला टेकलाय आणि तू कॅमेरा आणतोस? व्हॅनची किल्ली घे. जा."

"मम्मी, तो माणूस देणार नाही. लीगली—"

"रोज टीव्हीवर खोटं बोलतोस. आज एकदा आईसाठी बोल."

गॅरेजमधली पुस्तकं व्हॅनमध्ये चढवून कुश निघाला, शेजारी रिवका. साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळच्या त्या पबात त्याने मालकाला सांगितलं की या पुस्तकांत वाळवी आहे, आज पुस्तकांत आहे, उद्या बारच्या ओकमध्ये असेल. या देशात लोक मेलेल्या माणसाला जेवढे घाबरत नाहीत तेवढे लाकडाच्या किड्याला घाबरतात. मालकाने स्वतः स्क्रू काढून फळी उतरवली. एखाद्या वस्तूची किंमत कमी करून सांगण्याची प्रोफेसरची ती पहिलीच वेळ, आणि त्या वेळी प्रथमच त्याच्यावर कोणी लगेच विश्वास ठेवला.

*

तिथूनच, सगळी पुस्तकं व्हॅनमध्ये असतानाच, कुशने रिवकाला केअर होमपर्यंत नेलं. गाडीत ती त्याच्याशी बोलली नाही. मेझुझा तिच्या पर्समध्ये होता. सुप्रभाने तो रेशमी रुमालात गुंडाळून दिला होता, आणि देताना नमस्कार केला होता. रिवकाने तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघितलं.

मामांच्या खोलीत जोश बसला होता. मामा उशीत रुतलेले, डोळे मिटलेले, श्वास मध्येच अडखळणारा. एवढ्या वर्षांनी रिवका त्यांच्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा तिला कुठे बघावं ते कळलं नाही; उजवी-डावीची सवय झालेली. जोश म्हणाला, बाबा, रिवका आलीय.

मामांनी डोळे उघडले. मुलाला न ओळखणाऱ्या माणसाने भाचसुनेला तात्काळ ओळखलं. वैर विसरायला माणसाला फार वेळ लागतो.

"पुस्तकं?"

"खाली आहेत, मामा. गाडीत. सगळी."

मामांनी डोळे मिटले. रिवकाला वाटलं, झालं. ती वळणार एवढ्यात मामा पुन्हा बोलले. आवाज बारीक, पण हज्जानचा.

"गोदामाला लावला होतास तो. काढलास का?"

पर्समध्ये तो होता. एका भामट्याने छिन्नीने तीनदा उचकटलेला, गणपतीशेजारी बसून आलेला. आपलंच खरं होतं हे सिद्ध करायला रिवकाला अख्खा टीव्ही कार्यक्रम साक्षीला होता: त्या खोलीत खोकीच खोकी, आणि ती खोली देवाची आहे हे सांगणारी एकच वस्तू होती, ती तिने लावलेली. ही सगळी वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. इतकी वर्षं तयार होती.

"काढला, मामा," ती म्हणाली.

मामांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणणं फार होईल. जिंकलेल्या माणसाचं समाधान होतं. त्याच समाधानात ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दफन लगेच झालं. पुस्तकांची खोकी कुशने व्हॅनमधून काढून दिली, त्याला घालायला दिलेली ज्यूंची छोटी टोपी दर पावलाला घसरत होती आणि दर वेळी रिवका त्याला म्हणत होती, "नीट धर. विकायची नाहीत." पबातल्या खोक्याला बिअरचा वास येत होता. जोशने विचारलं की हा कसला वास. रिवका म्हणाली, चामड्याचा. मामांच्या पायाशी आधी हिब्रू ठेवली, वर मराठी, कारण मामांना ती वर हवी असती. नाही कसं म्हणेल कोणी? सगळ्यांनी एकेक फावडं माती लोटली.

जोशने हळूच विचारलं की मेझुझाही आत ठेवायचा का. रिवका म्हणाली, नाही.

लोक गाड्यांकडे गेले. सुप्रभा कुशला घेऊन दूर फाटकापाशी थांबली होती. आपल्याला इथे यायची परवानगी आहे की नाही हे तिला नक्की माहीत नव्हतं. उरलेली माती लोटायला जेसीबीवाला आला होता. त्याने पाहिलं, एक म्हातारी बाई कबरीच्या कडेला उभी आहे, पर्समधून रेशमी रुमाल काढतेय, त्यातलं काहीतरी खड्ड्याच्या दिशेने धरतेय आणि बोलतेय. प्रार्थना असेल म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली.

"आता ऐका," रिवका म्हणत होती. "कालपर्यंत तुमचं ऐकलं. गोदाम असलं म्हणून काय झालं? आत काय होतं ते तुम्हीच सांगा…"

बराच वेळ झाला. जेसीबीवाल्याने टोपी परत घातली, मग पुन्हा काढली. बाई थांबायचं नाव घेत नव्हती.